फौजदारबाई गोड बोलल्या तो दिवस

आमच्या लाँड्रीत हॉस्पिटलच्या चादरी येतात. धुऊन, पिळून, वाफेच्या रोलरखालून काढून परत जातात. रोलरवर फौजदारबाई. त्यांना दुसऱ्या नावाने हाक मारलेली मी तरी ऐकलेली नाही. घड्या घालायच्या टेबलावर मी, त्यांच्या समोरच, म्हणजे बोलणी खायला पहिली.

बाईंच्या जिभेला हाड नव्हतं. मालकालासुद्धा सोडायच्या नाहीत. नवरा लवकर गेला, एकटीच्या कमाईवर मुलगा वाढवला, त्याचं लग्न लावलं आणि सून आणून शेजारच्याच रोलरवर उभी केली. रोज सकाळी तिला पहिलं वाक्य ठरलेलं. "केस बांध. रोलरमध्ये गेले तर डोक्यासकट जातील." ती मुकाट्याने बांधायची. सासूसमोर तिच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. मला तर तिचाच राग यायचा. माणसाने इतकं गरीब असू नये.

उन्हाळ्यात बाकीच्या आळीपाळीने बाहेर हवेला जायच्या, बाई हलायच्या नाहीत. प्रथमोपचार शिकवायला माणूस आला तेव्हाही त्यांनी सुनेलाच पिटाळलं. "जा, तेवढंच बसायला मिळेल," म्हणाल्या. त्यांची माया एवढीच, तीसुद्धा खेकसून.

त्या दिवशी एक पंखा बंद होता आणि चादरींचा नुसता डोंगर. दुपारी बाई गप्प झाल्या. मग एकदम गोड बोलायला लागल्या. मला म्हणाल्या, "घड्या किती सुरेख घालता हो तुम्ही." मी तोंडात बोट घातलं. कुणी म्हणालं, आज सूर्य कुठून उगवलाय? आम्ही सगळ्या खुशीत. ऊन बाधलं की घाम आटतो म्हणतात, त्यांना तर नेहमीसारखाच येत होता, तेव्हा शंका कशाची घ्यायची? मला वाटलं, उशिरा का होईना, बाईंना अक्कल आली.

तेवढ्यात सुनेचा अंबाडा सुटला. बाई तिच्याकडे बघून हसल्या. "किती छान केस आहेत तुमचे. मोकळेच राहू द्या, बाई."

सुनेने दोन्ही रोलर बंद केले. सासूच्या मानेला हात लावला. "आई, मी कोण?"

बाई विचारात पडल्या. मग त्यांचे पाय लटपटले.

"ॲम्ब्युलन्सला फोन करा. उष्माघात आहे म्हणून सांगा," सून म्हणाली. तिचा आवाज एवढा मोठा आहे हे तेव्हा कळलं. "ताई, तुम्ही पाय धरा. हौदात ठेवायचंय."

मी पाय धरले. अंग नुसतं भाजत होतं. मुकादम आडवा आला. "एकदम गार पाण्यात? मारशील त्यांना."

"अशाच ठेवल्या तर मरतील. बाजूला व्हा आणि बर्फ आणा."

खळबळायच्या हौदात आम्ही बाईंना कपड्यांसकट गळ्यापर्यंत उतरवलं. सुनेने त्यांचं डोकं आपल्या दंडावर पाण्याबाहेर धरलं आणि दुसऱ्या हाताने पाणी ढवळत राहिली. बाई हातपाय झाडत होत्या, तिच्या तोंडावर फटके बसत होते. कुणी मीठ-साखरेचं पाणी आणलं. तिने ते परत पाठवलं. "धड शुद्धीत नाहीत. श्वासात जाईल." गाडी येईपर्यंत तिने हात काढला नाही. गाडीबरोबर आलेल्या माणसाने हौद पाहिला आणि म्हणाला, आधी गार केलंत ते बरं केलंत.

संध्याकाळी डॉक्टरांनी सांगितलं, जीव वाचेल, पण डोकं किती ताळ्यावर येईल ते आत्ता सांगता येत नाही. बाईंनी डोळे उघडले. सुनेला म्हणाल्या, "बसा ना. दमला असाल." सून बसली. तिचा चेहरा मला बघवेना.

सकाळी मी डबा घेऊन गेले तर ती तशीच बसलेली, पाण्यात भिजलेले कपडे अंगावरच वाळलेले, केस मोकळे. बाई जाग्या होत्या. त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"काय गं, केस बांधायला हात मोडले का तुझे?"

सुनेने पलंगावर डोकं टेकलं आणि हमसून हमसून रडायला लागली. बाईंनी तो केसांचा पसारा बघितला आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"आता हिला रडायला काय झालं?"