जॅग्वारच्या नाकातलं शिसं

देवचार, राखणदार, चकवा... मालवणात जन्मलेल्या माणसाला हे सगळं भुताखेतांचं बाळकडूतच मिळतं. मलाही मिळालं, आणि मी ते थुंकून टाकलं. ऑफिसात भुतं दिसलेले दोघं-तिघं आहेत, त्यांची मी मनसोक्त टर उडवत आलो. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. पण २००६ पासून पोटात ठेवलंय, आता पुरे.

मी ओरोसला सरकारी नोकरीत, घर मालवणात किनाऱ्याला लागून. नाद एकच — लढाऊ जेट विमानांची प्लास्टिकची मॉडेल्स जोडायची आणि रंगवायची. आमच्या खाऱ्या, दमट हवेत रंग वेळेवर सुकेल तर शपथ. बाबा मासेमारी करायचे. पोरगा शिकून खुळा झाला, असं त्यांचं माझ्या विमानांबद्दलचं मत होतं.

एकदा जॅग्वार जोडत होतो. चाकांवर ठेवला की नाक वर आणि शेपूट टेबलाला. अशा मॉडेलच्या नाकात वजन भरावं लागतं, पण घरात बेताचं काही सापडेना. बाबा बाहेर जाळं दुरुस्त करत होते. त्यांनी थोडा वेळ माझी धडपड बघितली आणि जाळ्याच्या दोरीचं एक शिसं काढून पुढे केलं. ही शिशाची वजनं ते दोरीवर दातांनी दाबून बसवायचे. पुढचा एक दात तुटलेला, म्हणून प्रत्येक शिशावर दातांचे वण आणि मध्ये फट.

"जाळ्याचा शिसा आसा ह्या," ते म्हणाले. "जाळा घरात आसा तवसर तुझ्याकडे ऱ्हवांदे."

जाळं घरात आहे तोवरच शिसं माझं, असं हसत म्हणाले होते. मी नाकात लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, तिच्यात ते शिसं दाबून बसवलं, वरून नाक चिकटवलं, रंग दिला. जॅग्वार तीन चाकांवर ऐटीत उभा राहिला. माझ्या नादाला बाबांचा हात लागला तो तेवढाच.

बाबा गेले तेव्हा मुंबईहून दादा आला. दुःख झालं असेलही त्याला, पण नजर घरातल्या वस्तूंवरच फिरत होती. जाळं विकायचं म्हणाला. बाबांनी स्वतः विणलेलं जाळं! मी कडाडून भांडलो, तर दादा म्हणाला,

"बाबा गेले. आता जाळा ओढतलो कोण? तू? विमानात बसान?"

निदान बारावं होईपर्यंत थांब, म्हटलं. बरं म्हणाला. आणि मी एका सहीसाठी ओरोसला गेलो तेवढ्यात त्याने टेम्पो बोलावून जाळं देऊन टाकलं. संध्याकाळी एसटीतून उतरून घरी आलो तर आई भिंतीकडे तोंड करून बसलेली. जाळ्याची जागा रिकामी.

मी आत गेलो. शोकेसला कुलूप, किल्ली माझ्या खिशात. आत जॅग्वार शेपटीवर बसला होता.

कोल्हापुरात माझ्यासारखाच एक मॉडेलवाला मित्र आहे, त्याला फोन केला. शिसं सुटून मागे घसरलं असणार, म्हणाला. मलाही तेच वाटलं, नव्हे, तेच हवं होतं. पण हलवून पाहिलं तर आत काही वाजेना. रंगाला कुठे चीर नाही. शेवटी बारीक करवतीने नाक कापलं. लांबीत शिशाचा खळगा होता. दातांचे वण, मधली फट... सगळं त्यात स्पष्ट उमटलेलं. शिसं नव्हतं. मग शेपटीपर्यंत कापत गेलो. नव्हतंच.

लोक म्हणतील, बाबांनी आपलं शिसं नेलं. म्हणोत. मला राग त्याचाच येतो. जाळं विकलं दादाने, जाळ्यासाठी भांडलो मी, आणि बाबांची शेवटची वस्तू गेली ती माझ्याकडची. हा कुठला न्याय, बाबा?

शिसं कुठे गेलं, मला आजही माहीत नाही. विमान मी पुन्हा जोडलं, पण नाकात दुसरं वजन घातलं नाही. दादा गणपतीला येतो, शोकेससमोर उभा राहतो आणि दर वर्षी विचारतो, "ह्या असा शेपटेर कित्याक बसता रे?"

मी चहा आणायला आत जातो.