सव्वाचारला उठून जाणारा

परळच्या अभ्यासिकेत मी त्या वर्षी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होतो, म्हणजे सकाळी जागेवर पुस्तक ठेवून दिवसभर खाली चहाच्या टपरीवर बसत होतो. तिथेच तो भेटला. टांझानियाहून फिजिओथेरपी शिकायला आलेला, उंच, हसरा. त्याचं नाव मी कधी विचारलंच नाही. 'काय रे' पुरायचं. ग्लास दोन्ही हातांत धरून, मान तिरकी करून तो माझ्या गप्पा ऐकायचा आणि सव्वाचार वाजले की माझं वाक्य अर्धं टाकून उठायचा. "दादा, बाकी उद्या."

एकदा मी ऐकवलंच, "एवढी कसली रे घाई? जरा माणसांत बसावं!"

त्याने खिशातलं वेळापत्रक उलगडलं. चार ते सव्वाचारच्या चौकटीत लिहिलं होतं, 'मराठी : दादा'. तोंडी परीक्षेत त्याला पेशंटशी मराठीत बोलायचं होतं. नापास झाला तर शिष्यवृत्ती बंद आणि थेट घरी.

"पुस्तकातलं मराठी कोणी बोलत नाही," तो म्हणाला. "तुम्ही खूप बोलता."

दुसऱ्या दिवसापासून मी, आयुष्यात पहिल्यांदाच, तयारी करून बसू लागलो. गुडघेदुखी, कंबरदुखी, आमच्या चाळीतल्या आजींचं कण्हणं, सगळं साभिनय शिकवलं. भर रस्त्यात लंगडूनही दाखवलं.

निकालाच्या दिवशी त्याने धावत येऊन मला उचलूनच घेतलं. पास! परीक्षेला पेशंट म्हणून बसलेल्या आजींनी म्हणे विचारलं, "बाळा, लालबागचा का रे तू?"

माझाही निकाल त्याच आठवड्यात लागला. घरी विचारलं, तेव्हा मी त्याचाच सांगितला.