ज्वारीच्या गराची गोळी

ताई गेल्याचा फोन आला, तेव्हाही मी आधी विचारलं, "तुले कोणं सांगतलं?" फोनवर तिची मुलगी सीमा होती, आईच्या उशाशी बसलेली... तरी विचारलं. माझा स्वभावच तसा, दूधवाल्यासमोर दूध हुंगून घेणारी बाई मी. पण या वेळी संशयाला कारण होतं. ताईच्या आजारपणात दर्यापूरच्या त्या घराचं दार शेजारणींना, जुन्या विद्यार्थिनींना, जावांना सताड उघडं होतं. मी अमरावतीहून निघते म्हटलं, की ताई म्हणायची, "येऊ नोको. उन्हाचं कायले येतं?" सख्ख्या बहिणीला मीच नकोशी झाले होते का? कोणी तिचे कान भरले? एकेका जावेचा चेहरा मी डोळ्यांपुढे आणून तपासला.

ताई शाळेत विज्ञान शिकवायची. विद्युतप्रभाराच्या धड्यासाठी तिला महागडं उपकरण लागत नसे. ज्वारी निघाली, की वाळलेला धांडा सोलून आतल्या पांढऱ्या, हलक्या गराची गोळी करायची आणि रेशमी दोऱ्याने घराच्या खिडकीत टांगायची. आमच्याकडे पोरं त्याच गराच्या बैलगाड्या करतात. पहिला प्रयोग माझ्यासमोर झाला. थंडीतल्या कोरड्या हवेत तिने केसांवर कंगवा घासला आणि गोळीजवळ नेला. गोळी धावत येऊन चिकटली, आणि लगेच अशी उडाली, की कंगवा पुढे नेला तरी लांबच पळे.

"केस बांधला तू तिले," मी म्हटलं आणि दोरा चाचपून पाहिला.

"पाह्य, नीट पाह्य," ताई हसली. "जवळ आली म्हणून तिच्यात प्रभार आहे असं समजू नोको. साधी गोळीबी ओढल्या जाते. कंगव्याले लागली, त्याचाच प्रभार तिनं घेतला, म्हून आता पळून राहिली. दूर ढकलल्या गेली, तरच पक्कं समजाव, दोघात एकच प्रभार आहे."

तेरवीला सीमाला त्याच खिडकीपाशी गाठून मी सरळ विचारलं, "ताईनं मले कावून येऊ नाही दिलं?"

तिने तिथे अजून टांगलेली गोळी बोटाने थांबवली. "मावशी, बाकीच्यांपुढे आई 'बरी आहो मी' म्हणे, अन् ते मानत. तू मानलं नसतं. आई म्हणे, ते माह्यासारखीच आहे, तिच्यापुढे मले रडू येईन."

यावरही माझा चटकन विश्वास बसला नाही. मावशीच्या समाधानासाठी भाची काहीही सांगेल. मी तिचा चेहरा न्याहाळत राहिले. मग तिचे डोळे भरले, आणि मला हुंदका आवरेना.

निघताना ती गोळी मागून आणली. आता माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. दमट हवेत प्रभार टिकत नाही, हे ताईनेच सांगितलेलं. तरी रोज वेणी घालून झाली, की कंगवा तिच्याजवळ नेते. गोळी जराशी पुढे येते. नुसत्या जवळ येण्यावर माझा भरवसा नाही... तिने एकदा मला ढकलावं, म्हणून मी कंगवा धरून तशीच उभी राहते.