भिंतीला आलेलं पीक

केडगावातली आमची मागची खोली भाड्यानं द्यायची होती. कॉलेजात जाणाऱ्या मुलीसाठी ती बघायला कर्जतहून एक शेतकरी आले. मी कपाटाला पाठ लावून खोलीचं कौतुक करत होतो. त्यांनी दोनदा हुंगलं, टोपी मागं सारली आणि ते कपाटामागं डोकावले. भिंतभर काळी-हिरवी बुरशी दाटली होती. तिच्यावरून बोट फिरवत ते म्हणाले, "आमच्याकडं पेरलेलं उगवंना, अन् तुमच्या भिंतीला न पेरता एवढं पीक?"

"रंग देऊन घेतो," मी ओशाळून म्हणालो.

"त्यानं काय हुतंय? वारं येऊ द्या. पोरीला दमा हाय, न्हाईतर घेतली असती."

मग त्यांनीच माझ्याबरोबर कपाट ओढलं, गंजलेली खिडकी धक्का मारून उघडली. मला भाडेकरू गेल्याचं वाईट वाटत होतं. ते मात्र निघताना त्या भिंतीकडं जरा हेव्यानंच बघत होते.