लाहिनी आणि निहिला

एका ठिपक्यासाठी आयुष्य पणाला लावणारा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात एकच असेल, आणि तो नेमका माझा साडू निघावा, ही गोष्ट माझ्या लग्नाच्या बैठकीत कोणीही मला सांगितली नव्हती. ठिपका म्हणजे रांगोळीचा नव्हे. तळहाताएवढ्या काचेच्या पडद्यावर चित्र उमटतं ते बारीक ठिपक्यांचं, आणि प्रत्येक ठिपक्यात लाल किती, हिरवा किती, निळा किती, त्यातला आधी कोण येणार नि मागून कोण, हे यंत्राच्या पोटातल्या एका फाईलीत लिहून ठेवावं लागतं. पडद्याला स्वतःचं काही कळत नाही, त्याला जसं सांगाल तसं तो दाखवतो. हे सांगणं हाच आमच्या साडूंचा धंदा. पुण्यातल्या कंपनीत ते हेच करायचे, आणि एके दिवशी हेच काम नेकनूरच्या पलीकडच्या आपल्या गावात बसून करू म्हणून बायकोसह बिऱ्हाड घेऊन परत आले. मला त्यांनी हे इतक्या वेळा समजावलंय, की आता समजलं नाही म्हणायची लाज वाटते, म्हणून मी मान हलवतो. माझी स्वतःची मजल मोबाईलचा आवाज बारीक करण्यापर्यंत आहे. परत मोठा करायला मुलीला हाक मारावी लागते.

ते ज्या जातीच्या पडद्यांवर काम करायचे, त्यांच्या ठिपक्यात म्हणे लालला पाच घरं, हिरव्याला सहा आणि निळ्याला पुन्हा पाच. माणसाच्या डोळ्याला हिरवा जास्त बारकाईनं कळतो म्हणून मधल्याला एक घर जास्त. हे शास्त्र यंत्रात राहिलं असतं तर कोणाची हरकत नव्हती. पण आम्ही साडू तिघं, आणि मी मधलीचा नवरा. सासुरवाडीला पुरणपोळ्या वाढायचं काम एकदा यांच्याकडे आलं. थोरल्या साडूंच्या ताटात पाच टाकून माझ्या ताटात यांनी सहावी टाकली आणि सगळ्यांदेखत खुलासा केला, "साडूभाऊ, तुमी हिरवे. तुमाला एक जास्त." थोरले साडू तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलतात. मला त्या सहाव्या पोळीनं दोन दिवस सुंठ चाटायला लावली ते वेगळंच.

खरा घोटाळा नावांनी केला. लाल, हिरवा, निळा या क्रमानं चालणाऱ्या पडद्यांना ते 'लाहिनी' म्हणायचे, आणि उलट्या क्रमाच्या, म्हणजे निळा, हिरवा, लाल मागणाऱ्या पडद्यांना 'निहिला'. एकदा सासूबाई त्यांच्याकडे मुक्कामाला असताना हे ओसरीवर येरझारा घालत पडदे पुरवणाऱ्या व्यापाऱ्याला फोनवर सांगत होते, की लाहिनीनं लई छळलं, आता तिला सोडतो आणि निहिलाला घरी आणतो. सासूबाई शेंगा निवडत होत्या. सूप तिथंच ठेवून त्या एसटीनं थेट आमच्या गावी, कड्याला आल्या, पिशवी दारात टेकवली आणि मला विचारलं, "जावाईबापू, ही निहिला कुन्या गावची?" घरातला जाणता माणूस म्हणून चौकशीला मला धाडण्यात आलं. मी दिवसभर त्यांच्या खोलीत बसून दोन्ही बायांची हकीकत ऐकली, आणि परत येऊन सासूबाईंना सांगितलं, बाई कोणी नाही, काच आहे. त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "बाई असती तर समजावली तरी असती."

त्यांची बायको, माझी मेहुणी, मात्र समजावण्याच्या पलीकडे गेली होती. पुण्याच्या कंपनीनं दार उघडं ठेवलं होतं. तिनं मला शांतपणे सांगितलं, "दाजी, पाडव्यापर्यंत बगते. तवर ह्यांचं एक तरी यंत्र गावात धड चाललं तर ऱ्हाऊ. न्हाईतर सामान बांधायचं." साडूंना हे मी कळवलं तेव्हा त्यांनी हातातली काच सदऱ्याला पुसली. मग म्हणाले, "मला मरायचं तर हितंच हाय, साडूभाऊ. पन त्याच्या आदी जरा हितं जगून बगायचंय."

आणि यंत्र खरंच मिळालं. गावच्या दूध डेअरीनं दूध तपासायचं यंत्र त्यांच्याकडून घेतलं. हे चाललं असतं तर आसपासच्या गावांतल्या डेअऱ्याही घेणार होत्या, तसा शब्दच होता. बारीक अक्षरं म्हाताऱ्या माणसांना दिसत नाहीत म्हणून यांनी सोय केली, की चांगलं दूध असलं तर अख्खा पडदा निळा व्हावा आणि पाणी घातलेलं असलं तर लाल. घरी त्यांनी पडदा लावून बघितला तो हिरव्या ज्वारीचा फोटो टाकून. ज्वारी कशी हिरवीगार दिसली. ते खूश झाले, मीही मान हलवली. आता हिरवा हा मधला. लाहिनी वाचा नाहीतर निहिला, तो आपला मधेच राहतो. व्यापाऱ्यानं या वेळी दिसायला तसाच पण उलट्या क्रमाचा पडदा पाठवला होता, आणि एवढ्या जाणत्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा फक्त हिरवा बघून फाईल मिटली.

उद्घाटनाला पहिलं दूध ओतायचा मान गावच्या आप्पांचा. आप्पा म्हणजे गावचे पुढारी, डेअरी त्यांची, निम्मं शिवार त्यांचं. त्यांच्याच गोठ्यातली चरवी आली, नारळ फुटला, आप्पांनी स्वतः दूध ओतलं आणि पडदा कुंकवासारखा लालभडक झाला. सगळं गाव आप्पांकडे बघायला लागलं. आप्पा हसले, घड्याळाकडे बघून जीपमध्ये बसले आणि निघून गेले. मागं उभा असलेला एक म्हातारा तेवढा पुटपुटला, की आमी समदे वळखून हुतो, पन बोलावं कुनी?

साडूंचा चेहरा पांढरा पडला होता. ते भीतीनं नव्हे, त्यांना चूक कळली होती. संध्याकाळच्या आत त्यांनी फाईलीतला क्रम उलटा केला. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांचं तेच दूध निळं ठरलं. तसं ते होतंच, आप्पांच्या बाकीच्या गोष्टींबद्दल मी बोलत नाही, पण गोठा चोख. झालं. गावानं ठरवून टाकलं, की यंत्र खरं बोललं होतं, आप्पांनी रातोरात मास्तरावर दाब आणला. मास्तर म्हणजे साडू. हे दारोदार सांगत फिरले, की बाबांनो, आप्पा निर्दोष आहेत, निळ्याच्या जागी लाल लिहिलं गेलं, चूक माझी. लोक त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत, "कळतंय मास्तर. लेकरं-बाळं हायत तुमाला." लेकरं-बाळं त्यांना नव्हतीच. आप्पांना निर्दोष म्हणणारा एवढा कळकळीचा माणूस त्यांनाही परवडेना, कारण हे जितकं सांगत तितका आप्पांवरचा संशय घट्ट होई. शेवटी त्यांनी डेअरीतलं यंत्र काढून परत धाडलं. शेजारच्या गावांनी परस्पर निरोप धाडले, की यंत्र लई चांगलं हाय, पन आमच्याकडं बी एक आप्पा हायत.

पाडवा आला. सामान बांधलं. निघायच्या दिवशी गावातले पंधरा-वीस जण स्टँडवर शाल-नारळ घेऊन हजर, सत्य दाखवणाऱ्या माणसाचा सत्कार करायला. मी साडूंना याहून दीनवाणं कधी पाहिलं नाही. शाल खांद्यावर, नारळ हातात, आणि ते हात जोडून सांगतायत, "माझं ऐका. मी चुकलो हुतो. क्रम चुकला हुता." लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकाचे डोळे भरून आले. म्हणाला, किती मोठं मन बघा, अजून त्या मानसाला सांभाळून घेतोय.

मेहुणी तोवर गाडीत जागा धरून बसली होती. तिनं खिडकीतून डोकं काढलं आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं म्हणाली, "काय मोठं मन न् काय. चुकलेच असतेल हे. मी वळखत न्हाई का ह्यांला? घाई केली असंल, नीट बगितलं नसंल, दुसरं काय."

साडूंनी वळून तिच्याकडे बघितलं. इतक्या दिवसांत त्यांचं म्हणणं खरं मानणारं ते पहिलं माणूस होतं. नारळ त्यांनी माझ्या हातात दिला, गाडीत चढले आणि तिच्याशेजारी जाऊन बसले. गाडी वळणाला लागेपर्यंत मागच्या काचेतून मला दोघांची डोकी दिसत होती. ती काहीतरी सुनावत होती, आणि ते प्रत्येक वाक्याला मान हलवत होते.