पाळण्यात न बोललेला

मी पाळण्यात बोललो नाही. कुठलंच मूल बोलत नाही, एवढी अक्कल मला आहे. जन्मभर मास्तरकी केली, मुखदुर्बळ पोरांना बोलतं केलं. तरी कुणाच्या घरातून पाळण्याची कुरकुर ऐकू आली की मी दारातच थबकतो. काहीतरी सांगायचं राहून गेलंय आणि ते सांगायची वेळ टळली, असं वाटतं.

माझा बाप पलटणीत होता. लग्नानंतर एकदाच रजेवर आला आणि परत गेला तो पहिल्या महायुद्धातल्या बसऱ्याच्या लढाईवर. तिकडून तो आला नाही. आई पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, येळ्ळूरला आली होती. मी दिवस भरायच्या आत जन्मलो आणि अंगानं मात्र चांगला गुटगुटीत. मरतुकडा निघालो असतो तर बिचारीचं कल्याण झालं असतं. गुंजीला तिच्या सासरी बायकांनी बोटांवर महिने मोजले आणि ते जमेनात. नवरा रजेवर यायच्या आधीचंच हे मूल, असं ठरवून त्या मोकळ्या झाल्या.

आमच्यात बाळाच्या कानात पहिल्यांदा नाव सांगायचा मान आत्याचा. आत्यानं कानाशी कुर्र केल्याशिवाय नाव लागत नाही. माझ्या बारशाला घुगऱ्या शिजल्या, पाळणा बांधला, गल्लीतल्या बायका जमल्या, पण गुंजीहून कुणी आलं नाही. दिवेलागणीला बायका घुगऱ्या खाऊन निघून गेल्या. दुसरी कुणी आत्याच्या जागी उभी राहायला तयार होती, पण आईनं तिला पाळण्याजवळ येऊ दिलं नाही. मी बिननावाचा राहिलो. ती मला बाळ म्हणायची, मरेपर्यंत बाळच म्हणाली; शाळेच्या पटावरही तेच लागलं.

शेजारी पिंजाऱ्याचं घर होतं. दिवसभर कापूस पिंजायचा टणत्कार भिंतीपलीकडून यायचा. त्या घरातली चाची मला न्हाऊ घालायला येई. तिच्या केसांत, भुवयांत सदा कापूस. बारशाच्या त्या संध्याकाळी तिनं आईला मरियमची गोष्ट सांगितली. पुढं मी ती तिच्याच तोंडून इतक्यांदा ऐकली की ती मला तिच्याच आवाजात आठवते.

"आमच्या किताबात हाय पोरी. मरियमला पुरुषाचा हात लागला न्हवता, आणि पोटात ल्योक. एकलीच लांब गेली. कळा आल्या तशी खजुरीच्या बुंध्याला धरून बसली. म्हणाली, ह्याच्या आधीच मेले असते तर बरं झालं असतं, कुणाच्या ध्यानात बी राहिले नसते. तवा खालनं आवाज आला, रडू नगंस. तुझ्या पायाखाली पाणी हाय. झाड हलीव, खजूर पडतील. खा, पी. आणि कोण माणूस भेटलं तर सांग, आज माझा मुका रोजा हाय, मी बोलणार न्हाय."

"मग?" आईनं विचारलं.

"मग ल्योक काखंत घेऊन गावात आली. लोकं म्हणाली, तुझा बा वाईट न्हवता, तुझी आई बी तसली न्हवती, हे काय केलंस? तिनं नुस्तं पोराकडं बोट केलं. लोकं म्हणाली, पाळण्यातल्या पोरासंगट काय बोलायचं? आणि ईसा बोलला की गं! म्हणाला, मी अल्लाचा बंदा हाय. मला पैगंबर केलंय. आईसंगट नीट वागायचं मला सांगून धाडलंय."

चाचीनं हे धीर द्यायला सांगितलं. आईनं ते नेम म्हणून धरलं. लग्नानंतर श्रावणातले सोमवार मुक्यानं जेवून तिनं पाळले होते. तोंड मिटून देवाकडून काही मिळवता येतं यावर तिचा विश्वास होता. दुसऱ्या दिवसापासून विहिरीवर कुणी आडून आडून विचारलं की ती माझ्याकडं बोट करायची. बायका आधी हसल्या, मग घाबरल्या, मग विचारायच्या थांबल्या. गुंजीला मात्र बातमी गेली ती अशी, की पोरगी तोंडातून एक शब्द काढत नाही, म्हणजे खरंच असणार. आईचं नाव त्यांनी तिथंच टाकलं.

चाचीला हे कळल्यापासून ती कपाळावर हात मारून घेई. "अगं, ती मरियम. तुला कुणी मुकं ऱ्हा म्हणलं? तोंड उघड, ओरडून सांग!" आई पाळणा हलवत राहायची.

मी उशिरा बोललो. पहिला शब्द निघाला, 'भाकर'. चाची हसून हसून डोळे पुसत बसली. आई हसली नाही, हे मला चाचीनंच पुढं सांगितलं. ती खरोखरच वाट बघत होती.

शिकायला बेळगावात गेलो तेव्हा कॅम्पातल्या चर्चमध्ये सुळावर खिळलेला माणूस पाहिला आणि गावी येऊन चाचीला विचारलं, हाच का तुझा ईसा?

"न्हाय रं. त्येला मारलंच न्हाय, सुळावर दिलंच न्हाय. लोकास्नी तसं दिसलं नुस्तं. देवानं त्येला आपल्याकडं वर उचलून घेतलं." मग भिंतीपलीकडं आईच्या दिशेनं बघत म्हणाली, "लोकास्नी दिसतं ते समदं खरं नसतंय."

शाळेत बापाचं नाव सांगताना माझी जीभ अडखळते म्हटल्यावर तिनं आणखी एक सांगितलं होतं: त्यांच्यात ईसाला बापाच्या नावानं ओळखतच नाहीत. मरियमचा ल्योक, असंच म्हणतात. एवढा मोठा पैगंबर, तरी आईचंच नाव. मी काही दिवस त्या आनंदात होतो. नंतर मला त्याचा राग आला. मला पैगंबर व्हायचं नव्हतं, मला गुंजीला जायचं होतं. आईनं शपथ घातली होती, बोलावल्याशिवाय जायचं नाही.

मी मिशी राखायच्या वयाचा झालो तशी ती नवंच करू लागली. मी आरशापुढं दाढी करायला बसलो की ती हातातलं काम टाकून उंबऱ्यात येऊन बसायची आणि टक लावून बघायची. का म्हणून विचारलं तर उठून घरामागच्या परड्यात जायची. मी चिडायचो. चाची मेल्यावर तर ती कुणाशीच फार बोलेना.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात आई गेली. तिच्या दिवसकार्याला एक म्हातारी दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून दारात आली. डोळ्यांत पांढरं पडलेलं. गुंजीहून आलतो, असं बरोबरच्या माणसानं सांगितलं. ती माझी आत्या.

"कुठं हाय त्यो?" तिनं विचारलं. मी पुढं झालो. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवले. कपाळ, नाक, गालाची हाडं. हनुवटीच्या खळीपाशी बोटं आली आणि थांबली.

"अण्णा," ती म्हणाली आणि मटकन खाली बसली. "माझ्या अण्णाचं तोंड हाय हे. एकदा येऊन बघितलं असतं रं. डोळं हुतं तवा आले न्हाय."

आई उंबऱ्यात बसून काय बघत होती ते मला तेव्हा कळलं. मी रोज आरशापुढं बसून तिची बाजू सांगत होतो, आणि ऐकायला एकटी तीच होती.

मग आत्यानं मला खाली ओढलं, सगळ्यांसमोर माझ्या कानाशी तोंड नेलं आणि कुर्र केलं. "पलटणीत माघारी जाताना त्यो मला एकलीला सांगून गेलता," ती म्हणाली, "पोरगा झाला तर हे नाव." आणि तिनं ते नाव सांगितलं.



त्या नावानं मला आजवर कुणी हाक मारलेली नाही. पण एखाद्या दुपारी घर शांत असतं आणि परड्यातून तेच नाव घेऊन मला कुणी बोलावतं. आवाज आईचा असतो. तिला ते नाव कधी कळलंच नव्हतं.