बाईंचं शांत घर

बाई तत्त्वज्ञान शिकवायच्या. माणसांचे मेंदू नाना तऱ्हांचे असतात, मग त्यातली एकच तऱ्हा बरोबर हे कुणी ठरवलं, हा प्रश्न त्यांनी विद्यापीठात उभी हयात लावून धरला. सुरुवातीला विभागप्रमुखांनी हे डॉक्टरांचं काम म्हणून त्यांची बोळवण केली होती. पण बाई कुणाला दाद देणाऱ्या नव्हत्या. पुढे त्याच खुर्चीवर त्या स्वतः बसल्या. "अपंगांबद्दल बोलण्याआधी त्यांना विचारा" हे त्यांचं वाक्य विद्यार्थ्यांना इतकं पाठ झालं, की चहा मागवतानाही ते एकमेकांना ऐकवत.

या सगळ्याच्या मुळाशी होता त्यांचा धाकटा भाऊ. स्वमग्न, मोजकं बोलणारा, ठरल्या जागी बसणारा. आई गेली तेव्हा थोरल्या दादांनी त्याच्यासाठी एक संस्था बघून ठेवली. बाईंनी महिन्याची मुदत मागितली. माझ्याकडे रमला नाही तर खुशाल न्या, म्हणाल्या.

मग त्यांनी घराचा कायापालट केला. अशा माणसांना आवाजाचा त्रास होतो, हे त्यांनीच तर कितीदा लिहिलं होतं. जाड पडदे आले, दारावरची बेल निघाली, मिक्सर माळ्यावर गेला. विद्यापीठ दणाणून सोडणाऱ्या बाई घरात मांजराच्या पावलांनी चालू लागल्या.

भाऊ मात्र रोज सकाळी खुर्ची उचलून बाहेर लिफ्टच्या दाराशी जाऊन बसायचा. जेवणापुरता आत यायचा. हा इथे रमत नाही, असं बाईंना वाटायचं. महिना संपला, दादा गाडी घेऊन आले, भावाच्या पिशव्या दाराबाहेर आल्या. दादांचा स्वभाव टोमणे मारण्याचा नव्हता, त्यामुळे बाईंना जास्तच लागलं.

शेवटचं म्हणून त्या भावाशेजारी पायरीवर बसल्या. लिफ्ट घरघरत वर गेली, तसा तो हलकेच डुलला. बाई बघतच राहिल्या. आईचं शिलाई मशीन दिवसभर चालायचं आणि हा त्याला पाठ लावून बसायचा, हे त्यांना आत्ता आठवलं. जगाला विचारायला सांगता सांगता घरात विचारायचं राहूनच गेलं होतं.

"तुला काय हवंय रे?"

लिफ्ट खाली गेली, पुन्हा वर आली. बाई थांबून राहिल्या.

"आत आवाज नाही, ताई."

बाई उठल्या. आत जाऊन त्यांनी वॉशिंग मशीन रिकामंच सुरू केलं. ते धडधडायला लागलं. भाऊ खुर्ची घेऊन आत आला आणि मशीनला पाठ लावून बसला. दादांनी पिशव्या उचलल्या आणि एकेक करून आत आणून ठेवल्या.